न आलेल्या पाहुण्याची भाकरी

"हा अंबिलिकल हर्निया आहे," लातूरच्या डॉक्टरबाई माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या. म्हणजे बेंबीपाशी पोटाची भिंत विरते आणि आतडं त्या भोकातून बाहेर डोकावतं. मला वाटलं होतं, गॅसचा गोळा असंल. कितीतरी महिने ओवा चावून राहिले होते!

मी म्हटलं, मग कापा आणि मोकळं करा. बाई म्हणाल्या, "आत्ता नाही. एवढ्या वजनावर टाके धरणार नाहीत, पुन्हा फाटेल. आधी वजन उतरवा. पण गाठ दुखली, उलट्या झाल्या, तर एक घडीही थांबू नका." आतडं त्या भोकात अडकलं तर जिवावर बेततं.

उदगीरला परत येताना एसटीत आमचे हे बाईंची चिठ्ठीच परत परत वाचून राहिले होते. यांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत आहे, दिवसभर तोंड चालू. हे असे वाचत बसले की मला भ्या वाटतं.

मग काय, मोबाईलवर बघून डाएट सुरू केलं. सकाळी काकडी, दुपारी मुगाचं पाणी, संध्याकाळी परत काकडी. सगळ्यांवर खेकसून राहिले होते. एका दुपारी हे शेंगांची चटणी, दही घेऊन भाकरी खायला बसले आणि मला रडूच फुटलं. ह्यांनी अर्धी भाकर माझ्या हातात दिली. मग मी थांबलेच न्हाई. उतरलेलं वजन व्याजासकट परत आलं.

ह्यांच्याबरोबर तपासणीला गेले तेव्हा मान खाली. बाई रागावल्या न्हाईत. म्हणाल्या, "घरी काय काय होतं ते सगळं सांगा. ताटातलं आणि ताटाबाहेरचंही."

सांगायला लागले. आम्ही लिंगायत. अन्न म्हणजे प्रसाद. ताटात कण ठेवायचा न्हाई, ताट धुऊन ते पाणीही प्यायचं. आणि दारात जंगम, म्हणजे आमचे भिक्षेला फिरणारे स्वामी, येतील, पाहुणा येईल, म्हणून रोज दोघाचौघांचा स्वयंपाक जास्तीचा.

"रोज येतं का कोणी?"

"कुठं हो! कधीमधी."

"मग ते अन्न?"

मी यांच्याकडं बघितलं, हे माझ्याकडं. ते मीच खायची. सगळ्यांचं झाल्यावर, भांडी घासायच्या आधी, चुलीपाशी उभ्यानं. टाकायचं कसं, प्रसाद हाय! आजवर न आलेल्या पाहुण्यांची जेवणं मी एकटी जेवून राहिले होते की.

बाई हसल्या, मग मीही पोट धरून हसले. "ताटाचा नियम मोडू नका," त्या म्हणाल्या. "आधी थोडंच वाढून घ्या. हवं तर परत घ्या. आणि पाहुण्याचं पीठ डब्यात राहू द्या. आला की गरम भाकरी टाका."

"आणि बंद काय करू?"

"काही नाही. उपाशी राहणं बंद करा."

घरी आल्यावर ह्यांनी नवीनच टूम काढली. "आजपासून तू माझ्याबरोबर बसायचं." मी म्हटलं, मग वाढणार कोण? म्हणे, "मला काय हात न्हाईत?" पहिल्या दिवशी वरण निम्मं सतरंजीवर. पण लग्न झाल्यापासून पहिल्यांदा गरम भाकरी मोडली मी. एका भाकरीत पोट भरलं. खोटं सांगत न्हाई.

जेवण झालं की दोघं मोंढ्यापर्यंत चालून यायचो. येळवसला, वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात बसून भज्जी, आंबील, उंडे सगळं खाल्लं, मन भरून. वजन हळूहळू उतरत गेलं. एखाद्या महिन्यात जागचं हललंही न्हाई. बाई म्हणाल्या, चालू द्या.

शेवटी ऑपरेशन ठरलं. आत नेताना सिस्टर म्हणाली, गळ्यातलं काढा. गळ्यातलं इष्टलिंग आम्ही जन्मभर अंगावेगळं करत न्हाई. हे पुढं झाले, ओंजळ धरली, मी ते तिच्यात ठेवलं. शुद्धीवर आले तेव्हाही ते तसेच उभे, मूठ छातीशी. बाई म्हणाल्या, "भोकावर लावलेली जाळी छान बसली आहे. आता काळजी नाही." हे भर वॉर्डात रडले. मी म्हटलं, अहो, लोकं बघून राहिलेत! आणि मीही रडले.

माझं करायला पुण्याहून सून आली होती. घरी आल्यावर तिनं आम्हाला वाढलं. थोड्या वेळानं मी पाणी प्यायला उठले, तर सून, लेकरू माझं, चुलीपाशी उभी राहून पातेल्यातला भात खरवडून खाऊन राहिली होती.

"ठेव ते!" मी ओरडलेच. टाक्यांत कळ आली.

ती दचकली. "टाकू का मग?"

"टाकायचं न्हाई गं. सकाळी फोडणी देऊ. उद्यापासून मूठभर तांदूळ कमी घे. आणि उद्या तू आमच्याबरोबर बसायचं."

"मग वाढणार कोण?"

आतून ह्यांचा आवाज आला, "मी हाय की!"