शोरूमच्या फाटकात आडवी लागलेली गाडी

ती विटकरी रंगाची गाडी अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हा मी रायपूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. धनतेरस म्हणजे आमची डोकेदुखी. निम्मा स्टाफ सदर बाजारात गर्दी सांभाळायला आणि उरलेला निम्मा ठाण्यात बसून स्टाफ कमी असल्याची कुरकुर करायला! अशात एका मोटार शोरूमचा मालक वकिलाला सोबत घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. एका गिऱ्हाइकाने फाटकात गाडी आडवी लावून ऐन मुहूर्ताच्या डिलिव्हऱ्या अडवल्या आणि मॅनेजरला मारहाण केली, अशी त्याची तक्रार होती. गुन्हा नोंदवा आणि आत टाका, एवढंच त्याचं म्हणणं.

गिऱ्हाईक बाहेर बाकावर बसलं होतं. अमरावतीकडचा मराठी माणूस, नवा रायपूर नावाच्या शेजारच्या नव्या शहरातल्या एका सरकारी संस्थेत शिकवायला लागलेला. नोकरी अजून कच्ची होती. गुन्हा नोंदला गेला तर ती पक्की होणं कठीण, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. मारामारी करणारे मी पुष्कळ पाहिलेत. या गृहस्थाने डास मारतानाही दोनदा विचार केला असता.

"काहून लावली हो गाडी आडवी?" मी विचारलं. माझे वडील रेल्वेच्या नोकरीत नागपूरहून इकडे आले, त्यामुळे घरची बोली हीच.

"मी नाही लावली साहेब, तिथंच बंद पडली. ढकलू लागा म्हटलं तर मॅनेजरनं कॉलर धरली. मी हात झटकला फक्त."

शेजारी बसलेली त्याची बायको उसळून म्हणाली, "सिलतऱ्याजवळ भर रस्त्यात अशीच बंद पडली होती. मागून लोखंडाचा ट्रक अन् आमची लहान पोट्टी मागच्या सीटवर झोपून राहिलेली! ट्रकवाल्यानं कसाबसा वळवला म्हणून आम्ही आज बोलून राहिलो. अन् हे शोरूमवाले म्हणतात, तुम्हाले चालवता येत नाही!"

तेवढ्यात वरून फोन आला. मालक आपला माणूस आहे, जरा बघा. असा फोन आला की माझं डोकं फिरतं. मी मालकाला सांगितलं, "आधी चौकशी, मग गुन्हा." गाडी ओढून ठाण्याच्या आवारात आणवली. मालक फणफणत गेला.

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये नव्या गाड्यांची पूजा करणारे पंडितजी ठाण्यात आले. आपल्याकडे गाडी घेतली की नारळ, लिंबू आणि स्वस्तिक हे आलंच. पंडितजी आवारातल्या गाडीकडे बघत हळूच म्हणाले, "साहब, इस रंग की एक ही गाड़ी आई थी। इसकी पूजा तो मैं बरसात में कर चुका हूँ। लेने वाले दूसरे थे। नारियल सड़ा निकला था, बड़ा हल्ला हुआ था, इसलिए याद है।" त्यांची एक सवय होती. एक कलावा, म्हणजे पूजेचा लाल धागा, ते स्टिअरिंगला बांधायचे आणि दुसरा बॉनेटच्या आत, इंजिनापाशी. इंजिनातच गाडीचा जीव, असं त्यांचं मत.

पंचांसमोर मी बॉनेट उघडवलं. आत एका पाइपाला कलावा बांधलेला होता. लाल रंग मातकट झालेला, धाग्यात वाळलेला गाळ. गाडी आतपर्यंत पाण्यात बुडाल्याशिवाय तिथे गाळ जात नाही. गिऱ्हाइकाच्या बायकोला मी फोन करून विचारलं की डिलिव्हरीला पूजा कोणी केली. त्या म्हणाल्या, "पूजा कुठली, साहेब! सासूबाईंचं वर्षश्राद्ध व्हायचं आहे अजून. नारळ नाही, कुंकू नाही, पेढाही नाही वाटला. लेकीच्या दवाखान्यासाठी गाडी लागतच होती म्हणून घेतली."

मग मॅनेजरला बोलावलं. चौकशीत आरडाओरडा नवशिके करतात. मी चहा मागवतो. चहा पिताना माणूस पाठ केलेलं विसरतो.

"या गाडीची पूजा झाली होती का हो?" मी सहज विचारलं.

"सर, हमारे यहाँ बिना पूजा के गाड़ी गेट से बाहर नहीं जाती!"

"म्हणजे या कुटुंबानेही केली?"

"बिल्कुल सर। दीदी ने खुद आरती उतारी।"

मी पंडितजींना आत बोलावलं आणि कलावा टेबलावर ठेवला. मॅनेजरने चहा अर्धाच सोडून कप खाली ठेवला. मग सगळं भडाभडा बाहेर आलं. गाडी आधी मालकाच्या साडूला दिली होती. नोंदणी व्हायच्या आतच ती पावसात रेल्वेच्या पुलाखाली बुडाली. साडूला दुसरी गाडी मिळाली आणि ही धुऊनपुसून, वाळवून नवी म्हणून या मास्तरांच्या गळ्यात मारली. शोरूमच्या कॅमेऱ्यातही कॉलर आधी मॅनेजरनेच धरलेली दिसली.

संध्याकाळी मालक आला तो हात जोडूनच. नवरा-बायको माझ्यासमोर बसलेले होते. "भैया, नई गाड़ी आज ही ले जाइए। मैं भी शिकायत वापस लेता हूँ। बात खत्म।"

नवऱ्याचा चेहरा उजळला. का उजळू नये? नोकरी वाचत होती, गाडी मिळत होती. मीही मनात म्हटलं, सुटला बिचारा.

बाईंनी विचारलं, "अन् ही गाडी?"

"वो हम देख लेंगे, दीदी।"

"आता कोणाले देता ती?"

मालक खिशातला मोबाइल चाचपू लागला. बाई माझ्याकडे वळल्या. "आम्हाले नवीन गाडी नको, साहेब. आमची तक्रार लिहा. उद्या दुसऱ्या कोणाची पोट्टी त्या सीटवर झोपंल."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. कच्ची नोकरी त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. मग म्हणाला, "लिहा साहेब. सही कुठं करू?"

फसवणुकीचा गुन्हा नोंदवला, गाडी जप्त केली, मालक आणि मॅनेजर दोघांना अटक केली. वरून पुन्हा फोन आले, मी ते ऐकून घेतले आणि कामाला लागलो. मालकाने आपली तक्रार शेवटपर्यंत मागे घेतली नाही. ती खोटी ठरेपर्यंत मास्तरांची नोकरी लोंबकळत राहिली, पण शेवटी पक्की झाली.

नोकरीभर लोक मला विचारत आले, "साहेब, आम्हाला काय मिळेल?" त्यात गैर काही नाही, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पण आपलं मिळत असताना पुढच्या अनोळखी माणसाचं काय, हे विचारणारी ती एकच बाई मला भेटली. त्या दिवशी तिने मला माझंच काम शिकवलं.