दुसऱ्या भोंग्याआधी शिवलेला कोट

हे आत्ताच सांगून टाकायला हवं! डॉक्टर जेवायला गेलेत, बाकावर एक म्हातारबाबा घोरतायत, आणि मला अजून ढीगभर बाटल्यांना डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवायच्यात. त्याच पट्ट्यांच्या कागदाच्या पाठीवर हे लिहितोय. आज परत एकानं विचारलं, "कोट झकास आहे रे, कुठून निवडलास?" आणि मी नुसता हसलो. कारण मी निवडला तो हा नव्हेच. मी निवडला होता तो कोट आता कुठल्या समुद्रावर आहे देव जाणे!

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

आमच्या डॉक्टरांनी फटफटी घेतली आणि एकदाच चालवली. आवारातल्या फणसाला जाऊन भिडली ती. तेव्हापासून चालवायची मी. मी कंपाउंडर, वय तेव्हा एकोणीस. दर सोमवारी रत्नागिरीहून साखरप्याला औषधांच्या बाटल्या पोचवायच्या, तिथल्या पेशंटांची नावं लिहून आणायची, संध्याकाळच्या आत परत. आठवड्यातले बाकी सहा दिवस मी त्या सोमवारासाठी जगायचो, खरं सांगतो.

गेल्या पौषात पालीच्या पुढच्या उतारावर नवी खडी टाकली होती आणि मला ते माहीत नव्हतं. चाक सरकलं. मी डावीकडे पडलो आणि तसाच घसरत गेलो. अंगात सुती कोट होता, त्याच्या बाहीची नुसती दोरे-दोरे झालेली चिंधी उरली. कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालं. घरी आल्यावर आईनं समईच्या उजेडात बसून सुईच्या टोकानं एकेक जांभ्याचा खडा वेचून काढला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हात बांधून झाल्यावर उठली, खुंटीवरचा माझा फटफटीवर घालायचा चष्मा काढला, रबरी पट्ट्याचा, डोळे पूर्ण झाकणारा, आणि भाताच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घालून आत खोल पुरून टाकला.

"आई, अगं काय करतेस!"

"कातड्याचा कोट आण," ती म्हणाली. "मी बघीन. मला पटला तर चष्मा मिळेल. नाय पटला तर भाताबरोबर कांडून टाकीन."

चष्म्याशिवाय त्या लाल धुळीत एक मैल जाता येत नाही, तिला ठाऊक होतं. आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणतात, "सोमवारी जमणार असेल तर सांग. नाहीतर सर्विस मोटारीचा तो क्लीनर आहे ना, त्याला विचारतो. त्याला येते म्हणे फटफटी." येते म्हणे! तो क्लीनर दोन महिने आमच्या गाडीभोवती घिरट्या घालत होता, माशी गुळाभोवती घालते तशा. एकदा त्याच्या हातात गाडी गेली की मला आयुष्यभर पट्ट्याच चिकटवायच्या होत्या.

आता कातड्याचा कोट आमच्या पेठेत मिळतो कुठे? चपला मिळतात, विहिरीची मोट मिळते. पण नशीब बघा. आईच्या माहेरचे, जयगडचे एक खलाशी मामा रजेवर आले होते आणि आमच्याच वाडीत उतरले होते. परदेशच्या बोटींवर असतात ते. त्यांच्या ट्रंकेत विकायला आणलेला एक कोट होता, असं कळलं. आणि ते रविवारच्या आगबोटीनं मुंबईला जाणार, असंही कळलं. म्हणजे माझ्याकडे एकच सकाळ.

रविवारी आठ वाजता मी त्यांना घेऊन आमच्या पडवीत आलो. मामांनी ट्रंक उघडली आणि मी बघतच राहिलो. काळा कुळकुळीत! आरशासारखा चमकणारा, कमरेला पट्टा, पितळी बटणं, आतून लाल रेशमी अस्तर. किंमत सांगितली तेवढी माझ्याजवळ सुपारीच्या डब्यात साठलेली होती, बरोब्बर. मी अंगात घातला आणि बटणं लावली आणि मनातल्या मनात पाली ओलांडून साखरप्यात शिरलोसुद्धा.

"घेतला," मी म्हणालो.

"कोणी घेतला?" आतून आई.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. "कातडं पडवीच्या आत आणायचं नाय," हे पहिलं. मग म्हणाली, "गडग्यावर बस."

"काय?"

"गडग्यावर बस, मेल्या. फटफटीवर काय उभा राहून जातोस?"

म्हणजे बघा, आमच्या आवाराचा जांभ्या दगडांचा गडगा, त्याच्यावर मी घोड्यावर बसल्यासारखा बसलो आणि समोरच्या जास्वंदीच्या दोन फांद्या हातात धरल्या. रस्त्यानं जाणारी दोन माणसं थांबली. एक म्हणाला, "कुठवर पोचलास रे? लांज्याला?" मी लक्ष दिलं नाही. कारण मला त्या क्षणी दुसरंच कळलं होतं. हात पुढे केल्याबरोबर बाह्या चार बोटं वर सरकल्या, पाठीमागून कोट उचलून कंबर उघडी पडली, आणि डाव्या कोपरावर, नेमका जखमेवर, तो असा आवळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"कसा आहे?" आई.

"झकास!" मी म्हणालो. दात आवळून हसलो. "जणू माझ्याच मापाचा."

ती जवळ आली. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग बाही वर केली. पट्टी गुंडाळून कोपराखाली गेली होती आणि तांबडी झाली होती. तिनं बाही परत खाली केली. मला वाटलं, संपलं सगळं.

"काढ. दादा, जरा उलटा करून बघू?"

मामा हसले. "बघ ना बायो. परदेशचा माल हाय. तुझ्या बापाशींनी शिवलेलं शीड नाय ते."

हे सांगायला हवं होतं आधी. माझे आजोबा जयगडला गलबतांची शिडं शिवायचे, आणि आई लहानपणी त्यांच्यासमोर बसून दोऱ्याला मेण लावून द्यायची. आजोबा गेल्यावर त्यांची एक दाभण आईनं आमच्या पडवीच्या वाशात खोचून ठेवलेली आहे. मला ती कायम गंजलेली जुनी वस्तू वाटायची.

आईनं कोट उलटा केला. रेशमी अस्तर खांद्यापाशी दोन बोटांनी बाजूला ओढलं आणि आतली शिवण बघितली. मग चमकणाऱ्या कातड्यावर अंगठा दाबला. "खरं कातडं दाबलं की भोवती सुरकुती पडते. ह्याला पडत नाय. वरून रंगाचा थर हाय नुसता." आणि मग शिवणीवरून नख फिरवत म्हणाली, "आणि टाके बघ. पोष्टाच्या तिकिटाच्या कडेसारखे."

"बारीक टाका म्हणजे चांगलं काम ना!" मी म्हटलं.

"झंपरात. शिडात नाय. जवळजवळ भोकं पाडलीस की वारा त्याच रेघेनं फाडतो. तू पडशील तेव्हा रस्ता पण तिथंच फाडील."

मामांना राग आला, दिसलंच. "असं होय? मग ओढून बघ!"

"बघू?"

"फाटला तर?"

"फाटला तर आम्ही घेतला," आई म्हणाली.

आमच्याकडे एका कोटाचे पैसे होते. फाटका घ्यायचा म्हणजे पैसे गेले, सोमवार गेला, चष्मा कांडला. "आई, नको गं," मी म्हणेपर्यंत तिनं मला कोटाची बाही धरायला दिली आणि मामांनी खांदा धरला. आम्ही ओढलं. काही झालं नाही. मी मुद्दामच हळू ओढत होतो.

"एवढाच जोर? पालीला ह्याच्यापेक्षा जास्त जोरात आपटलास की!"

मग मी ओढलं. टर्रर्र! एकदम नाही, एका टाक्यावरून दुसऱ्यावर, सरळ रेघेत, तिकीट फाडावं तसं. बाही अर्धी लोंबायला लागली.

रस्त्यावरची ती दोन माणसं गडग्याला येऊन टेकली.

"बोल तो बोल हाय, बायो," मामा म्हणाले.

"हाय तर. घेतला." आईनं माझा डबा शांतपणे मामांपुढे ठेवला, आणि मला तिचा एवढा राग आला होता की रडूच येत होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "दादा, तुझ्या अंगातला दाखव जरा."

मामांच्या अंगातला! मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. तपकिरी, ढगळ, कोपराला ठिगळ, चमक नाही की पट्टा नाही, तेलाचा आणि खाऱ्या वाऱ्याचा वास. आईनं मामांच्या अंगावरच त्याच्या खांद्याची शिवण बघितली. जाड मेणाचा दोरा, लांब लांब टाके, दोन ओळी. अंगठा दाबला तर भोवती सुरकुत्या पडल्या आणि सोडल्यावर परत गेल्या.

"विकायला एक आणि घालायला दुसरा, काय दादा?"

मामा जरा ओशाळले. "बारा वर्षं हाय माझ्या अंगावर. तो विकायचा नाय."

"बोटीवर तू रस्त्यावर आपटणार हायस काय? तुला वाऱ्यापुरता पाहिजे. हा काळा मी शिवून देते, जन्मात उसवायचा नाय. तू हा घाल, बंदरात साहेब वाटशील. तुझा ह्याला दे."

तेवढ्यात भगवती बंदराकडून पहिला भोंगा झाला. आगबोट दिसली होती. आमच्याकडचा हिशोब असा, की पहिल्या भोंग्याला पडावात माणसं भरायला लागतात आणि दुसऱ्याला पडाव बोटीकडे सुटतो.

मामांनी माझ्या हाताकडे बघितलं. पट्टीतून रक्त खाली मनगटापर्यंत आलं होतं. "दुसऱ्या भोंग्याआधी शिवून झाला तर," ते म्हणाले. "नाय झाला, तर फाटका तुमचा आणि माझा माझ्याबरोबर."

आईनं वाशातली दाभण ओढली. आत जाऊन पेटीतून आणखी एक वस्तू आणली, तळहाताला बांधायची जुनी पट्टी, तिच्यावर दाभण रेटायला लोखंडी चकती. ती पट्टी कातड्याची होती! पडवीच्या आत कातडं नको म्हणणाऱ्या बाईच्या पेटीत! पण तेव्हा विचारायची वेळ नव्हती. मी उजव्या हातानं दोऱ्याला मेण फासत होतो, दोरा सारखा हातातून निसटत होता. तिनं फाटलेली कड आत दुमडली.

"जुन्या भोकांवरनंच शीव ना, पटकन होईल," मी म्हणालो.

"जुन्या भोकांच्या वाटेला जायचं नाय. गप बस."

तिनं नवीन रेघ धरली, अर्धा बोट आत. दाभण टेकवायची, चकतीनं रेटायची, ओढायची, पायाच्या अंगठ्याला दोरा ताणून धरायचा. एकेक टाका असा सावकाश! मी बंदराकडे कान लावून बसलो होतो. मामा ट्रंक बंद करून, शेंडी बांधल्यासारखी दोरी बांधून उभे. काखेपाशी दाभण अडकली. आईच्या कपाळावरून घाम नाकापर्यंत आला. मी म्हटलं, "राहू दे तेवढं, दिसत नाही," तर तिनं असं बघितलं की मी परत मेण घ्यायला लागलो.

दुसरी ओळ अर्ध्यावर आली. मामा खाली वाकून म्हणाले, "एक ओळ पुरे, बायो. झाला."

"दोन म्हणजे दोन."

शेवटचे चार टाके. तीन. दोरा कमी पडतो की काय! गाठ मारली, दातानं तोडला, आणि तोडतानाच दुसरा भोंगा झाला. आधी तोडला की आधी भोंगा, मी आजही शपथेवर सांगू शकत नाही.

मामांनी कोट हातात घेतला. शिवणीच्या दोन्ही बाजू धरून जीव खाऊन ओढली. ती हलली नाही. मग त्यांनी आपला तपकिरी कोट अंगातून काढला, माझ्या खांद्यावर टाकला, काळा घातला आणि म्हणाले, "ट्रंक उचल, पळ!"

मी एका हातानं ट्रंक डोक्यावर धरून बंदरापर्यंत पळालो. पडाव सुटला होता, पण तांडेलानं काठी लावून धरला. मामा उडी मारून आत गेले. काळा कोट उन्हात काय चमकत होता! मला तेव्हासुद्धा त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. पडाव लांब गेल्यावर ते ओरडले, "भिजला तर उन्हात टाकू नको! सावलीत वाळव!"

घरी आलो तर आई गडग्यापाशीच उभी.

"बस."

बसलो. जास्वंदीच्या फांद्या धरल्या. पाठ झाकलेली, बाह्या मनगटावर, कोपराला हवा.

"कसा आहे?"

मी परत झकास म्हणणार होतो. जीभ उचललीसुद्धा होती. पण कणगी आत आणि ती बाहेर, आणि एका शब्दावर सगळं लटकलेलं. म्हटलं, "बाकी बरा आहे. उजव्या काखेत थोडा घासतो. आणि वास मारतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पहिल्यांदा हसली. "काखेत मी मेण चोळते. आता खरं बोललास. पडलास तर असंच खरं सांगशील घरी येऊन."

आणि आत जाऊन तिनं कणगीत खांद्यापर्यंत हात घातला.

सोमवारी पालीच्या उतारावर मी हळू गेलो. चष्म्याच्या रबरात भाताचं एक टोकदार कूस अडकलं होतं, ते साखरप्यापर्यंत टोचत होतं, आणि मी ते काढलं नाही.

डॉक्टर आले वाटतं, चपला वाजल्या. पटकन सांगा, तुमच्या बाबतीत झालंय का असं? जो आवडला तो हातात फाटला, आणि आईनं दुसऱ्याच्या अंगातला काढून तुम्हाला घातला?