व्हरांड्यातलं बाकडं

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे लालबागमधल्या आमच्या चार गल्ल्यांना ठाऊक आहे. तीस वर्षं मी एकाच प्राथमिक शाळेत शिकवतेय, त्यातली शेवटची सात मुख्याध्यापिका म्हणून. शाळा म्हणजे एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावरच्या पाच खोल्या आणि त्यांच्यासमोरचा लांबलचक व्हरांडा. बालवाडी ते चौथी, सगळं मराठीत. मैदान नाही. कवायत गल्लीत होते आणि मधेच मिरच्यांच्या पोत्यांची हातगाडी आली की अख्खी तिसरी शिंकत शिंकत बाजूला होते.

या व्हरांड्यात एक बाकडं होतं. सागवानी, आठ माणसं बसतील एवढं, आणि बसायची दहा. सकाळी सातला नातवंडांना सोडायला आलेले आजी-आजोबा त्यावर टेकायचे, ते साडेबाराला शाळा सुटली की नातवंडांना घेऊनच उठायचे. कोणी लसूण सोलायचं, कोणी पेपर मोठ्यानं वाचायचं. एक आजोबा ब्लेडनं पेन्सिलींना टोक करून द्यायचे आणि चौथीची मुलं त्यांच्याकडे रांग लावायची. बालवाडीतलं पोर पहिल्या दिवशी भोकाड पसरायचं, दारातून बाहेर बघायचं, बाकड्यावर आपली आजी दिसली की गप्प व्हायचं. आपली नसली तर दुसऱ्याची चालायची.

मला मात्र ते बाकडं डोळ्यांत खुपायचं. मी सातचा पाढा म्हणवून घेत असले की बाहेरून आवाज यायचा, ‘बाई, मागचा पोरगा नुसतं तोंड हलवतोय.’ अहो, वर्ग माझा, पोरगा माझ्या पटावरचा, आणि तपासणी यांची. बरं, पोरगा खरंच नुसतं तोंड हलवत असायचा, त्यामुळे मला जास्तच राग यायचा.

त्यात मागच्या वर्षी थंडीत बहिणीबरोबर दादरच्या एका मोठ्या शाळेत गेले, तिच्या नातीच्या प्रवेशासाठी. दारात गार हवा, काचेचा दरवाजा, फिश टँक, कोचावर बसलेले पालक, सगळे हळू आवाजात बोलणारे. मी तिथंच ठरवलं, आपलीही शाळा अशी दिसली पाहिजे. लोक आधी दार बघतात, मग वर्ग, असं मी घरी येईपर्यंत बहिणीला चार वेळा ऐकवलं. ती म्हणाली, ‘तुझ्याकडे फिश टँक ठेवलास तर गल्लीतली मांजरं प्रवेश घेतील.’ मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

फेब्रुवारीत समोरच्या टॉवरमधलं एक जोडपं शाळा बघायला आलं. टॉवरमधून आमच्याकडे माणूस येणं म्हणजे मोठीच गोष्ट. मी साडीची पिन नीट करून त्यांना घेऊन व्हरांड्यात आले, तर बाकड्याच्या टोकाला एक आजोबा गाढ झोपलेले. तोंड उघडं, चष्मा पोटावर, घोरणं थेट पहिलीच्या वर्गापर्यंत. मूळचे मालवणकडचे, तरुणपणी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर कुठंकुठं वॉचमनची कामं केली. त्यांचा नातू आमच्या बालवाडीत होता. जोडप्यातली बाई नवऱ्याकडे बघून हसली. माझं डोकंच फिरलं. मी आजोबांना गदागदा हलवून उठवलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, ‘आजोबा, ही शाळा आहे, झोपायची जागा नाही. घरी जाऊन झोपा.’

ते उठून बसले. चष्मा लावला, पिशवी घेतली आणि गेले. जोडपं परत आलं नाही, ते यायचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बाकडं गल्लीच्या तोंडावरच्या गणपती मंडळाला देऊन टाकलं. जागेवर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, खोटी फुलं आणि फिश टँक. जमिनीवर पिवळी रेघ मारून घेतली आणि वर पाटी, ‘पालकांनी या रेषेपुढे येऊ नये’. शिपाई मावशी पाटी लावताना पुटपुटत होत्या, ते मी ऐकूनही ऐकलं नाही. मला व्हरांडा फार छान वाटत होता.

मग एप्रिल उजाडला. बालवाडीत तेवीस मुलं होती. आमच्याकडे बालवाडीतली मुलं पहिलीत आपोआप येतात, आई-बाप नुसते सही करून जातात. यंदा सह्या झाल्या अकरा. त्याच आठवड्यात संस्थेचं पत्र आलं. शाळा उघडायच्या दिवशी पहिलीच्या पटावर वीस मुलं नसतील तर यंदा पहिलीचा वर्ग उघडायचा नाही, आलेली मुलं परळच्या शाळेत पाठवायची. यंदा पहिली नाही म्हणजे पुढच्या वर्षी दुसरी नाही. हिशेब करायला मला बोटंही लागली नाहीत. बंद झालेला वर्ग परत उघडत नाही, म्हणजे तीन वर्षांत शाळेला कुलूप, आणि ते माझ्या हातानं.

मे महिन्यात मी आणि पहिलीच्या बाई घरोघर फिरलो. मे महिना म्हणजे लालबागमध्ये वर्षाचा मसाला. प्रत्येक गॅलरीत मिरच्या वाळत टाकलेल्या, प्रत्येक दारात आम्ही दोघी शिंकणाऱ्या. मी सगळीकडे एकच कॅसेट लावायची. इंग्रजीचा तास वाढवला, संगणक आले, व्हरांडा बघा कसा केलाय. लोक चहा द्यायचे, माना डोलवायचे, ‘बघू हं बाई’ म्हणायचे. लालबागमध्ये ‘बघू’ म्हटलं की समजून जायचं.

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी मागच्या चाळीत गेलो. तिथल्या एक आजी बाकड्यावरच्या जुन्या मानकरी होत्या, लसूण सोलणाऱ्या त्याच. पांढरी साडी नेसून दारात उभ्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटीभर खीर देत होत्या. आम्हालाही बसवलं. मी खीर हातात घेऊन कॅसेट सुरू केली, तर म्हणाल्या, ‘बाई, आधी खा. मग खरं बोलते, राग येईल तुम्हाला.’

राग आलाच. पण तोंडात खीर होती.

‘संगणक-बिंगणक ठीक आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण आमची खोली दहा बाय बाराची. मुलगा रात्रपाळी करून सातला येतो आणि तिथंच आडवा होतो. सून साडेसातला कामावर. मी कुठं जायचं? जिन्यात बसू? नातवाला सोडायच्या निमित्तानं निघायचे, बाकड्यावर चार माणसं भेटायची, पोरगं डोळ्यांसमोर राहायचं. घरात मुलाची झोप व्हायची. तुमच्या शाळेत आमच्या घरातली दोन-दोन माणसं सांभाळली जायची, बाई. आता तुम्ही एकच घेताय. मग एकाला कुठंही घालू, त्या मोठ्या शाळेची बस तरी दारात येते.’

पहिलीच्या बाई माझ्याकडे बघेनात. मी खाली बघून वाटी चाटूनपुसून साफ केली, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. तीस वर्षं मला वाटत होतं, लोक माझ्या शिकवण्यासाठी मुलं घालतात. थोडं तेही असेल. पण त्या क्षणी मला माझीच अशी लाज वाटली की उतरताना जिन्याच्या दोन पायऱ्या चुकल्या.

तिथून सरळ मंडळाच्या ऑफिसात. बाकडं भगव्या रंगानं रंगवलेलं, त्यावर कॅरम ठेवलेला. मी म्हणाले, ते परत हवंय. अध्यक्ष आमचाच माजी विद्यार्थी. गंभीर चेहरा करून म्हणाला, ‘बाई, ते आता बाप्पाचं झालं.’ मी म्हणाले, ‘बाप्पाला मी समजावते. तू दुसरीत शाळेच्या नळाखाली डोकं ओलं करून घरी अंघोळ केली म्हणून सांगायचास, ते इथं सगळ्यांना समजावू का?’ बाकडं संध्याकाळच्या आत व्हरांड्यात आलं. रंग भगवाच राहिला. फिश टँक मावशींनी आपल्या भाच्याला दिला आणि पाटी स्वतः उतरवली, तीही जरा जास्तच आनंदानं.

त्यानंतर आम्ही पुन्हा सगळी घरं फिरलो, या वेळी खीरवाल्या आजीही बरोबर. मी तोंड उघडायच्या आधी त्याच सांगून टाकायच्या, ‘बाकडं आलं परत. बाईंना कळलं.’ बाईंना कळलं, हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या वेळा ऐकलं की माझं ब्लडप्रेशर वाढलं. पण सह्या झाल्या. एका आजोबांनी तर वरच्या मजल्यावरची दोन जुळी मुलं आणून दिली, ज्यांचा आमच्या यादीत पत्ताच नव्हता. अकराचे एकोणीस झाले.

विसावं नाव मला माहीत होतं. त्या घरी जायचं मी टाळत होते.

शेवटी एका सकाळी गेले, एकटीच. तिसरा मजला. मालवणकडचे आजोबा गॅलरीत उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले होते. ‘झील निजलो हा,’ दाराकडे हात करून हळूच म्हणाले. आत त्यांचा मुलगा रात्रपाळीहून येऊन झोपला होता. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि सांगून टाकलं, ‘आजोबा, मी चुकले. त्या दिवशी तुम्हाला तसं बोलायला नको होतं.’

त्यांनी कठड्यातून खाली गल्लीत बघितलं. मग म्हणाले, ‘बाईनू, तुमी घराक जावन झोपा म्हणालात. घराक खंय झोपतलंय मी?’

मी नातवाचं विचारलं. ‘सुनेन नाव घातला मोठ्या शाळेत,’ ते म्हणाले. ‘ता आता माझ्या हातात नाय.’ आणि मला बसायला बादली देऊन स्वतः उभे राहिले. मी बसले नाही. खाली येताना मला वाटलं, आता संपलं. माझ्या एका वाक्यानं हे झालंय आणि ते मला परत घेता येणार नाही.

शाळा उघडायचा दिवस आला. व्हरांड्यात तोरण, भगव्या बाकड्यावर दहा माणसं दाटीवाटीनं, खीरवाल्या आजी मधोमध. पहिलीच्या वर्गात एकोणीस. संस्थेचे चिटणीस दहा वाजता पट बघायला येणार होते. पहिलीच्या बाई फळ्यावर सुंदर अक्षरात सुविचार लिहीत होत्या आणि मधूनमधून डोळे पुसत होत्या. मी त्यांच्यावर खेकसले, खडूची धूळ जाते डोळ्यांत, आधी फळा ओला करत जा.

साडेनऊला दारात एक तरुण बाई आली, ऑफिसची बॅग खांद्याला, एका हाताला मुलगा. मागे दोन पावलांवर आजोबा. म्हणजे सून. ती घाईत होती आणि थोडी चिडलेलीही. ‘बाई, ती शाळा चांगली आहे, मी नावं ठेवणार नाही,’ ती म्हणाली. ‘आठवडा झाला सुरू होऊन. पण बस आली की हा यांचा लेंगा सोडत नाही. आणि हे दिवसभर बादलीवर. रात्री दोघंही ताटातला भात नुसता चिवडतात. मी कोणाकोणाला भरवू? घ्या दोघांना.’

तिनं टेबलावर कागद ठेवले, सासऱ्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि निघून गेली. आजोबा अजून उंबऱ्याबाहेरच होते. बाकड्यावरच्या दहा जणांनी एकमेकांना कोपरानं ढकलत अकराव्याची जागा केली आणि खीरवाल्या आजी म्हणाल्या, ‘या हो, किती भाव खाता.’ ते आले आणि टेकले.

मी मुलाला टेबलापाशी बोलावलं. नव्या मुलाला मी नेहमी एकच प्रश्न विचारते, बोलता येतं का ते कळतं त्यानं. ‘काय रे, तुला शाळेत कोणी आणलं?’

‘मला नाही आणलं,’ तो म्हणाला. ‘मीच आजोबांना आणलंय.’

‘बरं. का आणलंस?’

त्यानं एकदा बाकड्याकडे बघितलं आणि टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून मला हळूच सांगितलं, ‘घरी त्यांना झोपायला जागा नाही. ते इथे झोपले तर तुम्ही ओरडू नका.’

‘नाही ओरडणार,’ मी म्हणाले. पट उघडून विसाव्या ओळीत त्याचं नाव लिहायला घेतलं, पण ओळच दिसेना, म्हणून पहिलीच्या बाईंना हाक मारून त्यांना लिहायला सांगितलं.