येलदरीहून परतताना बोरीच्या अलीकडे तापलेली गाडी

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, येलदरीचं धरण एकदा बघायचं होतं. तरुणपणी तिथे दरवाज्यांवर नोकरी केलेली. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि मला सुट्टी मिळाली तीही नेमकी डायलिसिसच्याच दिवशी. नंबर दुपारी तीनचा. पहाटे निघू, बारापर्यंत परभणीत परत येऊ, असं ठरवून आमची नऊ वर्षांची छोटी हॅचबॅक काढली. निघताना गाडीखाली ओला डाग दिसला. एसीचं पाणी असेल, म्हणून सोडून दिलं. एसी रात्रभर बंद होता हे तेव्हा सुचलंच नाही.

झरी, बोरी, जिंतूर आणि पुढे येलदरी. एकेरी अंतर जेमतेम साठ किलोमीटर. रस्ता बराचसा चांगला आहे, पण गतिरोधकांवर पुढच्या चाकात खटखट वाजत होती. जिंतुरात चुरमुऱ्यांची गरम सुशीला खाल्ली. अण्णांना मीठ वर्ज्य, त्यांनी दोनच घास घेतले. धरणावर परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. जायचं असेल तर आधी चौकशी करा. अण्णा बाहेरूनच बराच वेळ बघत उभे राहिले. त्यांना "चला" म्हणवेना, आणि तिथेच तासभर उशीर झाला.

परतताना जिंतूर सोडलं आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला.

"गाडी का थांबवायलीस?"

"अण्णा, इंजिन तापलंय."

बॉनेट उघडलं तर वाफच वाफ. मी रेडिएटरच्या टोपणाकडे हात नेला तसे अण्णा ओरडले, "हात लावू नको! तोंडावर उडंल!"

वीस मिनिटं थांबून बाटलीतलं पाणी हळूहळू ओतलं. अण्णांनी घोटभर पाणी मागितलं. त्यांना दिवसाचं पाणी मोजून द्यावं लागतं. मी एकच घोट दिला आणि दुसरीकडे बघितलं. मग एसी बंद, हीटर पूर्ण चालू. त्यामुळे इंजिनची उष्णता आत ओढली जाते आणि काटा थोडा उतरतो. पण एप्रिलच्या उन्हात आत भट्टी झाली. अण्णांचा श्वास मला इंजिनच्या आवाजातही ऐकू येत होता.

बोरीच्या गॅरेजात पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. मिस्त्रींनी वाकून पाहिलं.

"ताई, रेडिएटरचा खालचा पाइप फाटलाय. जुन्या गाडीचं रबर कडक होतंय. तेवढा भाग कापून परत जोडतो, परभणीपर्यंत जाईल. पण आधी इंजिन गार होऊ द्या. तशीच पळवली तर इंजिनचं हेड जाईल. पाइप चार-पाचशेचा हाय, हेडचं काम पंधरा हजाराच्या पुढं."

"किती वेळ लागेल?"

"तास तरी."

दवाखान्यात फोन केला. साडेतीननंतर मशीन दुसऱ्या पेशंटला, मग उद्याच. अण्णांचे पाय सकाळपासून सुजलेले होते. यष्टी नुकतीच गेली होती.

शेजारी एक पिकअप हवा भरायला थांबली होती. मागे दोन आजारी मेंढ्या, पुढे नवराबायको. बाई सगळं ऐकत होती. ती उतरली. "आमी परभणीलाच जायलोय, जनावरांच्या दवाखान्यात. काकाला म्होरं बसवा." आणि स्वतः उन्हात मागे, मेंढ्यांजवळ चढली.

"तू न्हाई येत?" अण्णांनी विचारलं.

"गाडी घेऊन मागोमाग येते."

मागे जागा होती. मी बसू शकले असते. पण गाडी सोडून जाववेना.

पिकअप दिसेनाशी झाल्यावर लक्षात आलं, अण्णांचा फोन आणि फाइल माझ्याच गाडीत राहिली होती.

पाइप जोडला, पाणी भरलं, आणि साठच्या वर वेग न नेता निघाले. अर्धी नजर रस्त्यावर, अर्धी काट्यावर. झरीच्या पुढे काटा पुन्हा हलल्यासारखा वाटला आणि मी वेग आणखी कमी केला. अण्णा कुठे आहेत, पोचले की नाही, हे विचारायला कुणाचा नंबरही नव्हता.

दवाखान्यात पोचले तेव्हा पावणेचार झाले होते. अण्णा मशीनवर झोपले होते. तंत्रज्ञ म्हणाला, "फाइल नव्हती, म्हणून मी थांबा म्हटलं. तर ती बाई भांडायला लागली. जुनी नोंद काढायला लावली. सुया लागेपर्यंत हलली नाही. मग पळाली, मेंढ्या उन्हात होत्या म्हणे."

मी लगेच जनावरांच्या दवाखान्यात गेले. पिकअप निघून गेली होती.

पुढच्या आठवड्यात परभणीत नवा पाइप, कूलंट आणि अडकलेला थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट सोडणारी झडप, बदलला. सगळे मिळून अडीच हजार लागले. चाकातली खटखट सस्पेन्शनच्या झिजलेल्या रबरी बुशची निघाली, त्याचे आणखी अठराशे. हेड वाचलं. छोटी गाडी सात-आठ वर्षांची असेल, तर उन्हाळ्याआधी पाइप दाबून बघा. खाली रंगीत, बुळबुळीत डाग दिसला तर कूलंट गळतंय, निघूच नका.

अण्णा बरे आहेत. मी मागच्या शनिवारी बोरीला जाऊन त्या मिस्त्रींना विचारून आले, तेही त्या पिकअपवाल्या नवराबायकोला ओळखत नाहीत. गाडीला काय झालं, किती लागले, ते मी नीट लिहू शकले. जिच्या हाती वडील सोपवले, तिचं नाव मात्र लिहिता येत नाही. ते मी विचारलंच नव्हतं.