विहीणबाईंचा मान आणि विहिरीची मोटर

आमच्या व्याह्यांइतका चिवट माणूस तापीच्या या काठाला झाला नाही आणि त्या काठालाही झाला नाही. माझ्या धाकट्या मुलीचे ते सासरे. मूळचे शिरपूरकडचे, पण सगळी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाले, हार-नारळ घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरातलं घड्याळ, मिक्सर आणि शेजाऱ्यांची इस्त्री खोलून बसले. बिघडलेली वस्तू दिसली की त्यांना भूक लागत नसे आणि चांगली चालणारी दिसली की झोप येत नसे. लग्नाच्या बोलणीला आमच्याकडे आले तेव्हा सगळे देण्याघेण्याचं बोलत होते आणि हे गृहस्थ मान वर करून आमच्या पंख्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "मुलगी पसंत आहे. पंख्याचा कंडेन्सर गेलाय." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

त्यांचा दुसरा नाद म्हणजे मान. स्वतःचा नव्हे, दुसऱ्याचा. मला ते नुसतं 'विहीणबाई' म्हणत नसत, 'श्रीमती विहीणबाई' म्हणत. मुलगी सांगते, माझा फोन आला की घरात खुर्चीवरून उठून उभे राहत आणि मगच बोलत. एकदा भुसावळच्या स्टँडवर गाठ पडली. बसमध्ये त्यांनी मला आपली जागा दिली, ते ठीक. पण माझी वांग्यांची पिशवी खाली ठेवू देईनात. विहीणबाईंची पिशवी लोकांच्या पायाशी कशी ठेवायची, म्हणून ती छातीशी धरून जामनेरपर्यंत उभे राहिले. उतरताना मी म्हटलं, "अहो, वांगी आहेत ती." तर म्हणाले, "आपली आहेत."

नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. त्या उन्हाळ्यात माझ्या विहिरीवरची मोटर दुसऱ्यांदा जळाली. आमचे मालक वारल्यापासून पहूरच्या पुढचं शेत मीच बघत होते. लाइट केव्हा येईल याचा नेम नव्हता, आणि आली तरी तिन्ही फेज येतील याचा भरवसा नव्हता. एक फेज कमी असली आणि कुणी बटण दाबलं, की मोटर नुसती घुमते आणि जळते. विहिरीचं पाणी तळाला गेलं तरी जळते. वायंडिंगवाल्याने मोटर भरून दिली आणि म्हणाला, "अक्का, आता जळली तर भंगारात घाला." केळी निसवून घड लोंबत होते, वर वैशाखाचं ऊन. मोटर गेली तर बाग गेली, आणि बाग गेली तर माझं वर्ष गेलं.

व्याह्यांच्या कानावर हे गेलं आणि ते आपला कॉम्प्युटर घेऊन एसटीने आले. त्याचा टीव्हीसारखा पडदा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टरने म्हणे विचारलं, "बाबा, पेशंटला काय झालंय?" आल्या आल्या त्यांनी मला बेत सांगितला. विहिरीवर एक डबा बसवायचा. लाइट आली की डबा तिन्ही फेज बघेल, थोडा थांबेल, मग मोटर चालू करेल, आणि पाणी उतरलं की बंद करेल. डब्याचं डोकं म्हणजे गोमेसारखी दोन्ही बाजूंनी पाय असलेली एक काळी चिप. त्या चिपला आज्ञा शिकवाव्या लागतात. आज्ञा व्याही लिहिणार, आणि त्या चिपला कळतील अशा करून देणारा एक फुकटचा प्रोग्रॅम त्यांच्या पुण्याच्या भाच्याने फ्लॉपीवर दिला होता. त्यात चित्रं नव्हती, काही नव्हतं. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि वाट बघायची.

"दीपनगरला मी याच्यावर दिवा लावून पाहिलाय," ते म्हणाले. "चार दिवसांत डबा बसतो."

पहिल्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या, व्याही घरी आले म्हणून. दुसऱ्या दिवशी वरण-बट्टी. चौथ्या दिवसापर्यंत गोडधोड संपलं आणि डबा काही बसला नव्हता. पुढे भरीत झालं, शेवभाजी झाली, आणि एक दिवस मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. त्यांनी तोही 'फार उत्तम' म्हणून खाल्ला. आमचे धाकटे दीर, नाना, रोज ओट्यावर येऊन बसत. म्हणाले, "वहिनी, हे व्याही आहेत का भाडेकरू? एकदा ठरवून टाका."

झालं होतं असं, की व्याही हुकूम द्यायचे आणि प्रोग्रॅम एकच उत्तर द्यायचा: फाइल सापडत नाही. व्याही मला बोलवून दाखवायचे. "ही बघा, डोळ्यासमोर आहे."

"मग तो आंधळा आहे," मी म्हटलं.

त्यांनी कशाकशावर संशय घेतला नाही? उन्हावर घेतला, तर कॉम्प्युटरला ओला पंचा आणि पंखा. आमच्या विजेवर घेतला. फ्लॉपीत मुंग्या शिरल्या असतील म्हणून माझी हळदीची चिमूट मागून नेली. एरवी शुद्ध बोलणारा माणूस, पण यंत्राशी शिरपूरच्या बोलीतच बोलायचा. मी चुलीपुढून ऐकायची: "बठ्ठं बराबर शे, तरी काबरं चालत नही रे तू?" सगळं बरोबर आहे, मग चालत का नाहीस, असं.

मी विचारलं, "ज्याने केलं त्याला का विचारत नाही?" तेही झालं होतं. भाच्याने परदेशात निरोप धाडला होता. तो माणूस म्हणाला, मी ते काम केव्हाच सोडलं, आता मधमाश्या पाळतो. आतलं सगळं लिहिलेलं उघडं ठेवलंय, तुमचं तुम्ही बघा. व्याह्यांना या माणसाचं भारी कौतुक. "घर सोडून गेला, विहीणबाई, पण दारं उघडी ठेवून गेला. असं कोण करतं?"

"उघड्या घरात कुत्री शिरतात," नाना म्हणाले.

"मग मी शिरतो," व्याही म्हणाले, आणि त्या परक्या माणसाने लिहिलेलं सगळं ओळीने वाचायला बसले. मी लाइटची वाट बघत विहिरीवर बसायची आणि तिन्ही फेज दिसल्या तरच भीत भीत बटण दाबायची. कधी कधी दिवसभर बसून हात हलवत परत यायची. केळीची पानं मिटायला लागली, कडेने करपली. व्याही रोज सकाळी बागेत येत, पानाला हात लावत आणि घरी जाऊन वाचायला बसत.

एकदा त्यांना सुचलं, की दीपनगरला दिवा लावला होता त्या जुन्या आज्ञा आणून इथल्या नव्या फोल्डरमध्ये ठेवून बघाव्यात. फोल्डर म्हणजे कॉम्प्युटरमधला कप्पा, त्याला नाव द्यावं लागतं. तिथे चालणारा दिवा इथे चालेना. म्हणजे खोट आज्ञांत नव्हती, कप्प्यात होती. मग त्या परक्याच्या लिखाणात नेमकी जागा शोधून ते स्वयंपाकघराच्या दारात आले. चेहरा असा, की काही फोडलंय.

"सापडलं," म्हणाले. "हा प्रोग्रॅम जुना आहे. कप्प्याचं नाव वाचताना मधे मोकळी जागा आली की तो तिथेच थांबतो. आणि नाव लांब असलं तरी त्याला झेपत नाही."

"मग तुम्ही नाव काय ठेवलंय?"

ते जमिनीकडे बघायला लागले. नानांनी उठून पडद्यावर वाचलं: श्रीमती विहीणबाई यांची विहीर. इंग्रजी अक्षरांत, मधे व्यवस्थित जागा सोडून. तो बिचारा 'श्रीमती' एवढं वाचून त्या नावाचा कप्पा शोधत हिंडत होता.

"मंग नुसतं विहीर लिहा ना, व्याहीबुवा," नाना म्हणाले.

"विहीर काय बेवारशी आहे?" व्याही म्हणाले. आणि मला म्हणाले, "आपण काळजी करू नका. नाव कापायचं नाही. मी प्रोग्रॅमच दुरुस्त करतो. आठवडाभरात पुरं नाव वाचायला लागेल."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "बागेला आठवडा नाही," मी म्हटलं. "मान तुम्हाला रोज पानात वाढलाय, तुम्हीही मला पोटभर दिलात. माझ्या विहिरीला मान नको, पाणी पाहिजे. बापाने माझं नाव इंदू ठेवलंय. लहान आहे, मधे जागा नाही. टाका."

"विहीणबाईंचं नाव? एकेरी?"

"मला हाक कुठे मारायची आहे? यंत्राला सांगायचंय."

त्यांनी खुर्ची पडद्यासमोर ओढली. मग म्हणाले, "आपण जरा आत जाता का?" मी चुलीपाशी गेले. माझ्यासमोर ते टाइप करणार नव्हते. तिथे मला बटणांचा आवाज आला, थोडासाच. मग खुर्ची सरकल्याचा. नाना ओरडले, "झालं की हो!"

दुसऱ्या दिवशी डबा विहिरीवर बसला. दुपारी लाइट आली. आम्ही तिघं निंबाखाली उभे. बटणाला हात लावायचा नाही, अशी त्यांची ताकीद. डब्यावरचे दिवे लागले, डबा थांबला, त्याचं थांबणं काही संपेना, आणि मग टक् झालं. मोटर उठली. पाटात पाणी आलं तेव्हा व्याही चप्पल काढून पाण्यात उभे राहिले. बाग राहिली. कडेची काही झाडं गेली, ती जायचीच होती.

दुसरा माणूस इथे थांबला असता. ते थांबले नाहीत. सगळा पावसाळा दीपनगरच्या घरात तो टाकून दिलेला प्रोग्रॅम दुरुस्त करत बसले. दिवाळीला आले ते टोपी-कोट घालून, खिशात नवी चिप. आता प्रोग्रॅम पुरं नाव घेतो म्हणाले, जागेसकट, कितीही लांब, आणि ही चिप त्या नावाच्या कप्प्यातून भरलीय. "आपली परवानगी असली तर डब्यातली बदलतो."

"पाण्यात काय फरक पडेल?"

"पाण्यात काही नाही."

मी म्हटलं, "बदला." बदलली. पाणी तेवढंच आलं, पण त्या दिवशी त्यांनी जेवताना पहिल्यांदाच पोळी मागून घेतली. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम त्यांनी फ्लॉपीत भरून भाच्याकडे पाठवला होता, ज्याला पाहिजे त्याने फुकट घ्यावा म्हणून. मी विचारलं, टाकलेली वस्तू ती, कोण घेणार? म्हणाले, "कुणाची तरी विहीणबाई असेलच."

व्याही आता नाहीत. एका थंडीत गेले. समोर शेजाऱ्यांची इस्त्री उघडी होती. मोटर पुढे मी बदलली, विहीर आणखी खोल केली, डबा तोच आहे. लाइट आली की तो तिन्ही फेज बघतो, जरा थांबतो, आणि टक् वाजतो. मी बांधावर असले तर माझ्या हातातलं काम थांबतं आणि डोक्यावरचा पदर मी सारखा करते. शेतात दुसरं कुणी नसतं.