भिजलेले अवरे

विषमज्वरातून उठल्यावर माझ्या अक्काच्या अंगावर नुसती हाडं उरली होती. डॉक्टर म्हणाले, हिला वर्षभर डाळी-कडधान्यं भरपूर खाऊ घाला. मल्लेश्वरमच्या आमच्या घरात अंडं दारातूनही आत येत नसे. म्हणून आईनं तूर, हुलगे, मूग भरून घेतले आणि सगळ्यांत जास्त अवरे, म्हणजे पावटे. पुढच्या हंगामापर्यंत अक्काच्या ताटात कमी पडता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात. अक्का मात्र दोन घास खाऊन ताट सरकवायची. मला तिचा भारी राग यायचा, आणि भीतीही वाटायची.

कीड लागू नये म्हणून आमच्यात अवऱ्यांना तांबडी माती चोळून वाळवत आणि मग डब्यांत भरत. ते सगळं उरकून आई बारशासाठी होसकोट्याला मुक्कामी गेली. घरात नवी वहिनी होती, बेळगावकडची. तिच्या माहेरी कडधान्य राखेत ठेवत. तिला वाटलं, दुकानदारानं माती मिसळून आपल्याला फसवलं. बिचारीनं सगळे अवरे धुतले आणि चिकटलेली माती सुटावी म्हणून रात्रभर घंगाळात भिजत घातले.

सकाळी ते टम्म फुगलेले पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षाचं अन्न घालवलंस, असं मी तिला तोंडावर सुनावलं.

आई परतली आणि घंगाळापाशी मटकन बसली.

"आत्या, मला ती घाण वाटली हो," वहिनी रडत म्हणाली.

आईनं घंगाळातले मूठभर अवरे उचलून पाहिले. मग म्हणाली, "सरी, असू दे. आता रडून काय होणार? सोलायला बसा. डाळ वाळवली तर निम्मी तरी टिकेल."

भिजलेला अवरा चिमटीत दाबला की साल बोटांत राहते आणि डाळ टुणकन बाहेर पडते. आमची गडबड ऐकून अक्का भिंत धरत आली आणि आमच्यात बसून सोलू लागली. तिच्या हातातली एक डाळ उडून आईच्या कपाळावर आपटली. अक्का खुदकन हसली. तिचं हसू आम्ही विसरूनच गेलो होतो.

दुपारी आईनं त्याच डाळीची, ओलं खोबरं वाटून आमटी केली. अक्कानं भात संपवला आणि पुन्हा मागितला. वहिनीनं तिला वाढलं. मी मान वर केली नाही, न जाणो अक्का थांबली तर.

ताट पुसून झाल्यावर अक्का म्हणाली, "आई, उद्याला स्वल्प ठेव हं माझ्यासाठी."