मिस्त्रींचा उजवा कान

गॅरेजच्या दारावर मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती : 'स्वतः उघडून पाहू नये. बिघडल्यास आम्ही जबाबदार नाही.' घरी पाने चालवून कोणी इंजिन घेऊन आला, की त्याची ते सगळ्यांसमोर बिनपाण्याने हजामत करत. अधिकारही होता म्हणा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ उजव्या कानाला, डोळे मिटलेले. कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगून मोकळे.

आणि हाच लाखमोलाचा कान ते स्कूटरच्या किल्लीने कोरत. किल्ली नसली तर बायकोच्या हेअरपिनने. मळ कानाची राखण करतो, हे त्यांना कोण सांगणार? त्यांना सगळं ठाऊक होतं.

एकदा कान खाजू लागला. मिस्त्रींनी किल्ली आणखी आत घातली. दुखू लागला, तेल ओतलं. चौथ्या दिवशी घास चावताना डोळ्यांत पाणी, उशीवर पिवळा डाग, कानात बोळा कोंबल्यासारखं. त्याच दिवशी एका टेम्पोला त्यांनी कान लावला. काहीच ऐकू येईना. "ठणठणीत आहे!" असं ठोकून दिलं. टेम्पो पुढच्या चौकात खडखडून बंद पडला. मिस्त्री घाबरले. कान गेला तर हाती नुसते पाने उरणार होते.

डॉक्टरीणबाईंनी कानाची पाळी जराशी ओढली, तसे मिस्त्री खुर्चीतून उडाले.

"पडदा शाबूत आहे. बाहेरची नळी सुजलीय. आत काय घालत होता?"

"काही नाही."

"मग हे काळं ग्रीस?"

बायकोने पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

बाईंनी घाण ओढून काढली, थेंब लिहून दिले. "आठवडाभर. कुशीवर पडून टाकायचे, पाच मिनिटं तसंच पडायचं. अंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी. पाणी आत नको, तेल तर नकोच. पुढेही फक्त बाहेरून पुसायचं. आतलं कान स्वतः बघतो."

"ऐकू येईल ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"येईल. पुन्हा कोरलात तर मला विचारू नका."

आठवड्याने बेअरिंगं पुन्हा बोलू लागली. नवव्या दिवशी अंघोळीनंतर कान जरासा खाजला. मिस्त्रींनी किल्ली काढली आणि आरशाकडे वळले. आरशाच्या जागी गॅरेजची पाटी टांगलेली.

"अगं, ही इथे कशाला?"

"गिऱ्हाइकांना तोंडपाठ झालीय," बायको आतून म्हणाली. "तुम्ही वाचली नव्हती."